लेखकाने पैसे भरू नयेत, वाचकानेही भरू नयेत

केळीच्या पानांवर पिवळसर पट्टे दिसू लागले आणि पोंगा सडू लागला, की रावेर आणि यावल तालुक्यांतील शेतकरी एका शब्दात निदान करतात: हरण्या. हा कुकुंबर मोझॅक विषाणू. मावा त्याचा प्रसार करतो, आणि झाड एकदा ग्रस्त झाले की ते उपटून नष्ट करण्यावाचून इलाज उरत नाही. या विषाणूवर जगभर भरपूर संशोधन झालेले आहे. मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि माझे काही विद्यार्थी याच रोगावर काम करतात, त्यामुळे त्या संशोधनाची आम्हाला सतत गरज पडते. अडचण अशी, की त्यातील बराच मोठा भाग व्यावसायिक प्रकाशकांच्या नियतकालिकांत कुलूपबंद असून एकेक निबंध वाचण्यासाठी तीस-चाळीस डॉलर मोजावे लागतात. ज्या बागायतदारांच्या शेतांतून नमुने गोळा करून असे संशोधन होते, त्या बागायतदाराला, गावच्या कृषी सहायकाला किंवा तालुक्याच्या महाविद्यालयातील शिक्षकाला त्याचे निष्कर्ष वाचता येत नाहीत. ही गोष्ट मला अन्यायाची वाटते, आणि तिच्यावरचा जो उपाय मला सर्वांत खात्रीचा वाटतो, त्याविषयी मला लिहायचे आहे.

तो उपाय म्हणजे संशोधक, ग्रंथपाल, विद्यापीठे आणि विद्वत्सभा यांनी स्वतः चालवलेली नियतकालिके, जी वाचकाकडून वर्गणी घेत नाहीत आणि लेखकाकडूनही शुल्क घेत नाहीत. या पद्धतीला डायमंड ओपन ॲक्सेस असे नाव रूढ झाले आहे. नाव नवे असले तरी पद्धत नवी नाही, आणि खान्देशात तर ती मुळीच नवी नाही. त्याकडे मी पुढे येते.

आधी सध्याची व्यवस्था नीट पाहिली पाहिजे. संशोधनाचा खर्च बहुतांशी सरकार करते, म्हणजे कर भरणारी जनता करते. निबंध लिहिणाऱ्याला त्याचे मानधन मिळत नाही. तो निबंध तपासून त्यातील उणिवा दाखवणारे तज्ज्ञ समीक्षक आपला वेळ विनामूल्य देतात, आणि संपादक मंडळातील बहुतेक सदस्यही मानद असतात. एवढ्या सगळ्या विनावेतन श्रमांनंतर तयार झालेला मजकूर प्रकाशकाच्या मालकीचा होतो आणि ज्या विद्यापीठांनी तो निर्माण केला त्यांनाच वर्गणी लावून विकला जातो. एल्सव्हिअर ही कंपनी ज्या रेल्क्स समूहात आहे, त्याच्या वैज्ञानिक प्रकाशन विभागाचा कार्यकारी नफा गेली अनेक वर्षे महसुलाच्या एक-तृतीयांशाहून अधिक राहिला आहे. मुद्रण आणि टपाल यांचा खर्च जवळजवळ संपलेल्या काळात हा नफा होतो, हे लक्षात घेतले म्हणजे या व्यवहारात कोण काय देते आणि कोण काय घेते हे स्पष्ट होते.

फेब्रुवारी २००२ मध्ये बुडापेस्ट येथून प्रसिद्ध झालेल्या जाहीरनाम्याने संशोधन सर्वांना मुक्तपणे वाचता यावे अशी मागणी केली. तिला पुढे मोठा पाठिंबा मिळाला, धोरणे झाली, आणि प्रकाशकांनीही ती मान्य केली. मात्र त्यांनी पैसे घेण्याची खिडकी बदलली. वाचकाकडून घेतली जाणारी रक्कम आता लेखकाकडून ‘लेख प्रक्रिया शुल्क’ म्हणून घेतली जाऊ लागली. ‘नेचर’ने २०२१ पासून मुक्त प्रकाशनासाठी एका लेखामागे ९,५०० युरो एवढे शुल्क ठेवले. मेंदूच्या प्रतिमांविषयीच्या ‘न्यूरोइमेज’ या नियतकालिकाचे शुल्क ३,४५० डॉलरपर्यंत गेले, म्हणजे आजच्या दराने साधारण तीन लाख रुपये. आपल्याकडे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे, आणि तीही मोजक्याच विद्यार्थ्यांना मिळते. एक निबंध प्रसिद्ध करण्यासाठी आठ महिन्यांची अधिछात्रवृत्ती द्यावी लागावी, ही अपेक्षा शहाद्याच्या किंवा चोपड्याच्या विद्यार्थ्याकडून करता येत नाही. वाचनाचे दार उघडले आणि लिहिण्याचे बंद झाले, असा हा बदल आहे. निबंध सर्वांना वाचता येतो किंवा नाही एवढाच प्रश्न विचारून थांबलो, तर नियतकालिकाची मालकी कोणाकडे आहे, शुल्क कोण ठरवतो आणि उद्या ते वाढवण्यापासून त्याला कोण रोखणार, हे प्रश्न तसेच राहतात. माझ्या मते खरे प्रश्न तेच आहेत.

आता खान्देशाकडे येते. अमळनेर येथे १९१६ मध्ये प्रताप शेठ यांच्या आश्रयाने तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले. पुढे या संस्थेने ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे इंग्रजी त्रैमासिक चालवले, आणि जी. आर. मलकानी यांनी त्याच्या संपादनाची धुरा दीर्घकाळ वाहिली. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखा तत्त्वज्ञ १९३०च्या दशकात या संस्थेचा संचालक होता. मुंबई, कलकत्ता, मद्रास यांच्या मानाने अगदी लहान असलेल्या एका गिरणीच्या गावातून निघणाऱ्या या त्रैमासिकात देशभरातील तत्त्वज्ञानाचे अभ्यासक लिहीत होते. त्यामागे एका दात्याचे द्रव्य, एका संस्थेची जागा आणि काही अभ्यासकांचे श्रम होते. विक्रीतून नफा मिळवणे हा तिथे कोणाचा हेतू नव्हता. १९६०च्या दशकात ते बंद पडले. पुढे १९७३ मध्ये पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ या नावाने ती परंपरा पुन्हा सुरू केली, आणि तिचे जुने अंक आज कोणालाही विनामूल्य वाचता येतात.

धुळ्याचे उदाहरण याहूनही बोलके आहे. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून, वाड्यांतल्या माळ्यांवरची दप्तरे मिळवून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली. पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि खंडांची संख्या पुढे २२ वर गेली. मूळ कागद लोकांसमोर आले पाहिजेत, ते एखाद्या अभ्यासकाच्या पेटीत राहू नयेत, हा त्या सगळ्या खटाटोपाचा पाया होता. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचे निधन झाले, आणि त्यांचा संग्रह सांभाळण्यासाठी तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. या मंडळाचे ‘संशोधक’ हे त्रैमासिक खान्देशातील इतिहासाच्या अभ्यासकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचले आहे आणि त्यात लिहिलेही आहे. त्याच शहरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी जमवलेली समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते श्री समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. पुस्तकांच्या आणि नियतकालिकांच्या बाबतीत समाजाने समाजासाठी काम करण्याची ही रीत आपल्या भागात शंभर वर्षे जुनी आहे. डायमंड पद्धतीविषयी बोलताना ब्रसेल्स किंवा पॅरिसचा दाखला द्यावा लागतो असे पुष्कळांना वाटते. मला अमळनेर आणि धुळे पुरेसे वाटतात.

मग आपण त्या रीतीपासून दूर कसे गेलो? याचे मुख्य कारण मूल्यमापनाच्या पद्धतीत आहे. पदोन्नतीसाठी निबंधांची संख्या मोजली जाऊ लागली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी समीक्षित नियतकालिकात किमान एक निबंध प्रसिद्ध करणे विद्यार्थ्यांना बंधनकारक केले. ही अट २०२२ मध्ये काढली गेली. या मागणीतून एक मोठी बाजारपेठ तयार झाली. दोन-तीन हजार रुपये भरा, आठवड्यात निबंध छापून मिळेल, सोबत प्रमाणपत्रही मिळेल, असे संदेश महाविद्यालयांतील शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर येत राहिले. आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकली, यावरून या रोगाची व्याप्ती कळते. त्यानंतर विश्वासार्ह नियतकालिकांची ‘केअर’ ही नवी यादी आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद करून नियतकालिक निवडण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली. पुष्कळ सहकारी या निर्णयामुळे गोंधळले आहेत. मला त्यात संधी दिसते. यादी नसताना प्रत्येक विभागाला संपादक मंडळात कोण आहे, समीक्षण खरोखर होते का, जुने अंक कुठे मिळतात, पैसे कोण घेतो, हे स्वतः तपासावे लागणार आहे. आणि अशा तपासणीत प्रामाणिकपणे चालवलेले स्थानिक नियतकालिक एखाद्या चकचकीत परदेशी नावापेक्षा सरस ठरू शकते.

संशोधकांनी मनावर घेतले तर काय होऊ शकते, याची उदाहरणे अलीकडच्या काळात मिळतात. भाषाविज्ञानातील ‘लिंग्वा’ या एल्सव्हिअरच्या नियतकालिकाच्या सर्व संपादकांनी आणि संपादक मंडळाने २०१५ मध्ये एकत्र राजीनामे दिले आणि ‘ग्लॉसा’ हे मुक्त नियतकालिक सुरू केले. लेखक आणि समीक्षक त्यांच्यामागे गेले, कारण नियतकालिकाची प्रतिष्ठा त्या माणसांमुळे होती. २०२३ मध्ये ‘न्यूरोइमेज’च्या चाळीसहून अधिक संपादकांनी शुल्क कमी करण्याची मागणी फेटाळली गेल्यावर राजीनामे दिले आणि ‘इमेजिंग न्यूरोसायन्स’ हे नवे, ना-नफा तत्त्वावरचे नियतकालिक काढले. तेथे शुल्क पूर्ण गेले नाही, पण पूर्वीपेक्षा बरेच कमी झाले. गणितज्ञ टिमथी गावर्स यांनी २०१६ मध्ये सुरू केलेले ‘डिस्क्रीट ॲनालिसिस’ तर निबंध स्वतः साठवतही नाही. १९९१ पासून चालत आलेल्या ‘अर्काइव्ह’ या मुक्त भांडारात लेखक निबंध ठेवतात, आणि नियतकालिक त्याचे समीक्षण करून त्यावर आपली मान्यता नोंदवते. खर्च नगण्य राहतो.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या युरोपीय पाहणीत जगभरात अशी सुमारे १७,००० ते २९,००० नियतकालिके असावीत असा अंदाज दिला होता. जगातील एकूण निबंधांपैकी ८ ते ९ टक्के त्यांत येतात. त्यांतील निम्म्याहून अधिक नियतकालिके वर्षाला पंचवीसहून कमी लेख छापतात. ही आकडेवारी मला धीर देणारी वाटते. वर्षाला पंधरा-वीस चांगले लेख ही संख्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या आवाक्यातली आहे.

क्रोएशियाचे उदाहरण मी वारंवार देते. त्या देशाची लोकसंख्या २०२१ च्या गणनेनुसार सुमारे ३९ लाख आहे. आपल्या एकट्या जळगाव जिल्ह्याची २०११ मध्ये सुमारे ४२ लाख होती. त्या देशात झाग्रेब विद्यापीठाच्या संगणक केंद्राने २००६ पासून ‘ह्रचाक’ नावाचे एक सामायिक संकेतस्थळ चालवले आहे, ज्यावर पाचशेहून अधिक क्रोएशियन नियतकालिके मुक्तपणे वाचता येतात. प्रत्येक छोट्या मंडळाला स्वतःचा सर्व्हर, स्वतःचा तंत्रज्ञ, स्वतःची सुरक्षाव्यवस्था उभी करावी लागत नाही. ती बाजू केंद्र पाहते आणि संपादक संपादन करतात. लॅटिन अमेरिकेत ब्राझीलच्या ‘सायलो’ने १९९०च्या दशकाच्या अखेरीस आणि मेक्सिकोच्या ‘रेडॅलिक’ने २००३ पासून अशीच सामायिक व्यवस्था उभी केली. तिथे नियतकालिक चालवणे हे सार्वजनिक विद्यापीठाच्या नेहमीच्या कामांपैकी एक मानले जाते, जसे ग्रंथालय चालवणे मानले जाते. आपल्याकडे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ नेमके या तीन जिल्ह्यांसाठी आहे. तिन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये, राजवाडे मंडळासारख्या संस्था आणि कृषी संशोधन केंद्रे यांच्यासाठी विद्यापीठ स्तरावर एक सामायिक प्रकाशनमंच उभा राहावा, ही माझी या लेखातील मुख्य मागणी आहे.

अशा मंचासाठी सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. ‘ओपन जर्नल सिस्टिम्स’ ही प्रणाली पब्लिक नॉलेज प्रोजेक्ट या कॅनडातील प्रकल्पाने तयार केली आहे. जॉन विलिन्स्की यांनी तो प्रकल्प १९९८ मध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात सुरू केला. ती कोणालाही विनामूल्य वापरता येते. २०२० मध्ये २५,००० हून अधिक नियतकालिके तिच्यावर चालत होती आणि त्यांतील सुमारे चार-पंचमांश विकसनशील देशांतील होती. इंडोनेशियातील विद्यापीठे त्यांत सर्वांत पुढे आहेत. लेख स्वीकारणे, समीक्षकाकडे पाठवणे, दुरुस्त्या नोंदवणे, अंक प्रसिद्ध करणे ही सर्व कामे त्यात होतात. नियतकालिकाची ओळख ठरवणारा आयएसएसएन क्रमांक दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून विनामूल्य मिळतो. प्रत्येक निबंधाला डीओआय हा कायमस्वरूपी क्रमांक देण्यासाठी क्रॉसरेफ या नोंदणी संस्थेची वार्षिक वर्गणी आणि नव्या निबंधामागे सुमारे एक डॉलर एवढा खर्च येतो, जो एखाद्या संस्थेने उचलण्याजोगा आहे.

खरे कष्ट दुसरीकडे आहेत, आणि ते मराठी नियतकालिकांच्या बाबतीत विशेष आहेत. आपल्या जुन्या अंकांची मुद्रणे श्रीलिपी, सुरेख, कृतिदेव अशा टंकांत, म्हणजे युनिकोड हा आजचा सर्वमान्य अक्षरसंकेत रूढ होण्यापूर्वीच्या टंकांत झालेली आहेत. त्या पीडीएफ पडद्यावर व्यवस्थित दिसतात, पण त्यांतील मजकूर उचलला की निरर्थक रोमन अक्षरांची रांग हाती येते. गूगलला किंवा कोणत्याही शोधयंत्राला तो मजकूर वाचता येत नाही. परिणामी अहिराणीवर, पावरी बोलीवर, तापीकाठच्या पुरातत्त्वावर मराठीत झालेले कष्टाचे काम आंतरजालावर असूनही नसल्यासारखे राहते. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग, ज्यात भिली भाषांबरोबर खान्देशीचा विचार आहे, १९०७ साली निघाला; तो आज कोणालाही घरबसल्या वाचता येतो. त्यानंतर शंभर वर्षांत आपल्याच माणसांनी केलेले सूक्ष्म काम मात्र शोधून सापडत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. टंकपरिवर्तक आहेत, पण जोडाक्षरे, रफार आणि ऱ्ह-ल्ह यांच्या जागी ते हमखास चुकतात, त्यामुळे रूपांतरानंतर माणसाने ओळ न ओळ वाचावी लागते. हे काम मराठी विषयाचे पदव्युत्तर विद्यार्थी उत्तम करू शकतात, आणि त्यासाठी त्यांना मानधन व श्रेयांक दोन्ही मिळाले पाहिजेत. एक आवश्यक अट इथेच सांगते: यापुढचा प्रत्येक अंक पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये असावा आणि प्रत्येक निबंधाला मराठीबरोबर इंग्रजी सारांश व शोधशब्द असावेत. मातृभाषेतील संशोधन जपण्याचा आग्रह २०१९ च्या हेलसिंकी उपक्रमाने जगासमोर मांडला आहे. आपल्याला तो आग्रह धरण्यासाठी सबळ कारणे आहेत. नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलवर काम करणाऱ्या डॉक्टरने मराठीत लिहिलेला निबंध तेथील आरोग्य कर्मचारी वाचतील, इंग्रजीतला कदाचित वाचणार नाहीत.

टिकाऊपणाचा प्रश्न याहून गंभीर आहे. २००० ते २०१९ या काळात १७४ मुक्त नियतकालिके आंतरजालावरून पूर्णपणे नाहीशी झाल्याचे संशोधकांनी दाखवून दिले आहे. संपादक निवृत्त होतो, डोमेनचे नूतनीकरण राहून जाते, महाविद्यालय संकेतस्थळ बदलते, आणि दहा वर्षांचे अंक एका दिवसात जातात. छापील अंक निदान चार ग्रंथालयांत तरी उरतो. म्हणून अंक निघाला की त्याच्या प्रती दूरच्या, स्वतंत्र भांडारांत आपोआप जाव्यात अशी सोय सुरुवातीलाच करायला हवी. ओपन जर्नल सिस्टिम्स वापरणाऱ्यांना पब्लिक नॉलेज प्रोजेक्टच ती विनामूल्य देतो. सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेने २०१३ मध्ये सुरू केलेले ‘झेनोडो’ हे भांडारही सर्वांसाठी खुले आहे. भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचे मुक्त भांडार असलेल्या ‘शोधगंगा’ने प्रबंधांच्या बाबतीत जे केले, ते नियतकालिकांच्या बाबतीत करण्याची गरज आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो रास्त आहे. अशा नियतकालिकांपैकी बहुतेकांचा डोलारा स्वयंसेवकांवर उभा असतो, आणि माणसे थकतात. आठवड्याला अठरा-वीस तास शिकवणारा, परीक्षेचे आणि महाविद्यालयाच्या ‘नॅक’ मूल्यांकनाचे कागद सांभाळणारा प्राध्यापक रात्री निबंधांचे संपादन किती दिवस करील? अमळनेरच्या त्रैमासिकाचा इतिहासही हेच सांगतो, की काही थोड्या व्यक्तींवर आणि एका आश्रयावर अवलंबून असलेले काम त्यांच्यानंतर थांबते. म्हणून निव्वळ उत्साहावर नियतकालिक सुरू करण्याच्या मी विरुद्ध आहे. संपादकाला अध्यापनाच्या भारातून काही तासांची सूट, एक पूर्णवेळ साहाय्यक, मुद्रितशोधनासाठी ठरलेला निधी आणि संपादकपद ठरावीक मुदतीने बदलण्याचा नियम, एवढे लेखी मिळाल्याशिवाय पहिला अंक काढू नये.

पैसा नाही असे मात्र म्हणता येणार नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ या योजनेला मंजुरी दिली, आणि २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवले. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांना वाचायला मिळतील, अशी ती योजना आहे. तिचा फायदा निश्चित आहे. ज्या विद्यार्थ्यांना आजवर सारांशावर समाधान मानावे लागत होते त्यांना पूर्ण निबंध मिळतात, हे मी नाकारत नाही. तरीही योजनेची मुदत संपली की दार पुन्हा बंद होऊ शकते, आणि संस्थेबाहेरच्या बागायतदाराला, वकिलाला, निवृत्त शिक्षकाला ते उघडलेलेच नाही. या रकमेच्या एक टक्का, म्हणजे वर्षाला २० कोटी रुपये, देशातील विद्वत्सभांच्या आणि विद्यापीठांच्या मुक्त नियतकालिकांना मिळाले, तर शेकडो नियतकालिकांना एकेक पगारी साहाय्यक देता येईल. त्यातून जे उभे राहील ते आपल्या मालकीचे असेल, दर तीन वर्षांनी नव्याने भाड्याने घ्यावे लागणार नाही.

धोरणे बदलेपर्यंत वाट पाहण्याची गरज नाही, कारण संशोधकाच्या हातात आजही एक मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे त्याचा स्वतःचा वेळ. आपण कोणासाठी समीक्षण करतो, कोणाच्या संपादक मंडळावर नाव देतो आणि आपला सर्वांत चांगला निबंध कोठे पाठवतो, हे आपण ठरवतो. यातले शेवटचे सर्वांत अवघड आहे, विशेषतः ज्यांची नोकरी अजून पक्की झालेली नाही त्यांच्यासाठी, आणि त्यांच्यावर हा भार टाकू नये असे माझे ठाम मत आहे. ज्यांना आता बढती मिळवायची उरलेली नाही अशा प्राध्यापकांनी आधी आपले लेखन स्थानिक मुक्त नियतकालिकांत द्यावे, म्हणजे तरुणांना तिथे लिहिण्यात कमीपणा वाटणार नाही. निवड समित्यांवर बसणाऱ्यांनी नियतकालिकाचे नाव पाहण्याऐवजी निबंध वाचावा. २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने एवढीच साधी मागणी केली आहे. समीक्षण आणि संपादन यांची नोंद शिक्षकाच्या वार्षिक मूल्यमापनात कामाचे तास म्हणून व्हावी, असा ठराव प्रत्येक महाविद्यालय आपल्या पातळीवर करू शकते.

मी स्वतः काही काळापासून एक पद्धत ठेवली आहे. समीक्षणाची विनंती आली, की त्या नियतकालिकाची मालकी कोणाकडे आहे, ते लेखकाकडून किती शुल्क घेते आणि शुल्क न परवडणाऱ्याला खरोखर सवलत देते का, हे आधी पाहते. विद्वत्सभेचे किंवा विद्यापीठाचे शुल्करहित नियतकालिक असेल तर काम कितीही असले तरी होकार देते आणि मुदतीच्या आत अभिप्राय पाठवते, कारण छोट्या नियतकालिकांचे अंक बहुधा समीक्षकांच्या दिरंगाईनेच रखडतात. मोठ्या शुल्काच्या व्यावसायिक नियतकालिकाला सहसा नकार कळवते. त्या पत्रात नकाराचे कारणही लिहिते, कारण तिथले संपादकही आपल्यासारखेच संशोधक असतात आणि प्रकाशकाशी बोलताना त्यांच्या हाती अशी पत्रे असणे उपयोगाचे ठरते.